अर्थावाचून राहिलेला अध्याय

आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा काढलेल्या स्मरणिकेत माझ्या चुलत भावाचा मुलगा विलास याने असे लिहिले आहे की, 'जनार्दनकाकांनी तरुणपणी पैज लावून पोथीचा एकोणिसावा अध्याय अकरा मिनिटांत वाचून दाखवला आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.' या एका वाक्यात तीन खोट्या गोष्टी आहेत. पैज कोणी लावली नव्हती. अकरा मिनिटे लागली नव्हती. आणि टाळ्या वाजल्या नव्हत्या. पोथीला कोणी टाळ्या वाजवत नाही, हे देवळाच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्याला तरी ठाऊक असायला हवे होते. विलास त्या वेळी जन्मलेलाही नव्हता. मी त्याला फोन करून हे सांगितले, तर तो म्हणाला, "काका, तुमचं कौतुकच केलंय ना?" खोट्या कौतुकाने माणसाचा जेवढा अपमान होतो तेवढा शिवीनेही होत नाही, हे त्याच्या पिढीला समजावणे माझ्याच्याने झाले नाही. दुसरी हकिकत माझ्या थोरल्या बहिणीची, हिराबायची. तिला आम्ही बाय म्हणतो. बायच्या मते मी त्या दिवशी बाबांचा जाणूनबुजून पाणउतारा केला आणि पुढेही तसाच वागलो. या दोन्ही हकिकती चूक आहेत. खरी कोणती, ते सांगण्याचा अधिकार माझा आहे, कारण चौरंगापाशी पोथीसमोर मी बसलो होतो.

आमचे घर खाडीच्या अंगाला होते. ती खाडी आता भरावाखाली गेली आहे आणि बाबा ज्या मिठागरात राबत, त्याच्या वरून विमानांचा मार्ग आखलेला आहे. आठ महिने मिठाचे आणि चार महिने भाताचे, असे आमचे वर्ष असे. आवणी, म्हणजे भाताची लावणी, आटोपली की श्रावणात माणसांना दुपार मोकळी मिळे आणि त्या मोकळ्या दुपारी आमच्या ओटीवर पोथी लागे. घरात महिनाभर मासळीचा वास नसे, त्यामुळे मांजर रुसून शेजाऱ्यांकडे जाई. आई टाकळ्याची भाजी, वालाचे बिरडे आणि तांदळाच्या भाकऱ्या करी. भाकरी थापताना तिच्या काचेच्या बांगड्यांचा आवाज थांबला की जेवण आटोपत आले असे आम्ही समजत असू. मग ओटी सारवलेली, चौरंगावर तांबडे फडके, त्यावर पोथी, बाजूला समई आणि तांब्याभर पाणी. बायका आतल्या अंगाला भिंतीला टेकून बसत, पुरुष पायरीच्या बाजूला. बाहेर बेडूक ओरडत असत. पण कोणाला त्यांचा अडथळा वाटत नसे.

आमच्याकडे पोथीला दोन माणसे लागतात. एक वाचणारा आणि दुसरा अर्थ सांगणारा. वाचणाऱ्याने एक ओवी वाचायची आणि थांबायचे. मग दुसऱ्याने ती आपल्या बोलीत उलगडून सांगायची. ती श्रोत्यांना पोचली असे त्याला वाटले की त्याने मान हलवायची आणि मग पुढची ओवी. वाचणारा कोणीही चालतो, शाळेत गेलेला असला म्हणजे झाले. अर्थ सांगणारा मात्र गावात एखादाच असतो. आमच्या गावात तो मान माझ्या वडिलांचा, गोमाजींचा होता, आणि बाबांना एक अक्षर वाचता येत नव्हते. हे मी अभिमानाने लिहीत आहे. स्मरणिकेत विलासने त्यांना 'अल्पशिक्षित' केले आहे. ते अल्पशिक्षित नव्हते, निरक्षर होते. आणि निरक्षर असून आसपासच्या तीन गावांतली माणसे त्यांचा अर्थ ऐकायला येत.

त्यांचा अर्थ कसा असे, हे मला बायकडून ऐकून लिहावे लागत आहे. त्याचे कारण पुढे येईल. एका अध्यायात गरीब भक्ताच्या दारी अतिथी येतो आणि घरात धान्य नसते. ओवी दोन ओळींची. बायच्या सांगण्याप्रमाणे बाबा त्यावर म्हणत, "घरान तांदूल नाय म्हंजी अगदीच नाय असा नाय. त्याच्या बायकोना मरक्यात हात घातला त नखाला लागला तवरा व्हता. आता पावना दारान उबा हाय, तो तिचा हात बगतंय. रिकामा हात बाहेर कसा काराचा? म्हनून ती मरक्यात हात घालूनच उबी रायली. बराच येल." इथे ते थांबत आणि भिंतीकडे बघून म्हणत, "आपली सखू नाय का उबी रात?" सखूआत्या, बाबांची विधवा चुलत बहीण, लगेच उसळे, "माजा तांदूल कदी संपला रं गोमा? तुज्याच घरान उसना आलाय, इचार तुज्या बायकोला." ओटीभर हसू पिकायचे आणि त्या हसण्यातच कोणीतरी पदराने डोळे पुसायचे. पोथीत मडकेही नाही आणि त्यात घातलेला हातही नाही. मी तपासून पाहिले आहे.

मी गावातला पहिला मॅट्रिक, आणि पनवेलला सायकलने कॉलेजात जाणारा पहिला. वाचणाऱ्याची जागा त्यामुळे आपोआप माझ्याकडे आली. त्याच वर्षी पनवेलात एका कापडदुकानाच्या माडीवर नेने सरांनी द्रुतवाचनाचा वर्ग काढला. नेने सर मुंबईहून निवृत्त होऊन आलेले, उंच, कृश, कायम पांढऱ्या सदऱ्यातले. त्यांची पद्धत अशी: ओठ हलवायचे नाहीत, मनातल्या मनात उच्चार करायचा नाही, नजर ओळीच्या आरंभापासून न नेता पानाच्या मधोमध बोट सरकवत खाली आणायची, एका दृष्टिक्षेपात तीन-चार शब्द उचलायचे, आणि वाचलेल्या ओळी पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकत जायच्या, म्हणजे मागे वळून पाहण्याची सवय मोडते. सर हातात थांबघड्याळ घेऊन उभे राहत. उतारा संपला की दहा प्रश्न. कोण आला, कुठे गेला, किती वाजता, काय घेऊन. मी दहापैकी दहा घेत असे. असे प्रश्न परिच्छेदाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीतून काढलेले असतात, ही गोम मी दुसऱ्याच आठवड्यात ओळखली होती. 'का' हा प्रश्न त्या दहांत कधीच नसे, हे ओळखायला मात्र मला पन्नास वर्षे लागली.

बाय अजूनही म्हणते की त्या मास्तराने तुला बिघडवला. हे मला मान्य नाही. नेने सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर काहीही न लिहिता आम्हाला एक गोष्ट बजावली होती. "वर्तमानपत्र असं वाचा, अहवाल असा वाचा, परीक्षेचं पुस्तक असं वाचा. कविता आणि घरचं पत्र असं वाचू नका. ते हळूच वाचायचं असतं." वर्गातल्या सगळ्यांनी ते ऐकले. मीही ऐकले, पण तेव्हा मला कविता कोणी पाठवत नव्हते आणि मी घरीच राहत होतो.

माझी नात इथे करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये कानांत यंत्र घालून पुस्तके ऐकते, तीही दीडपट वेगाने. वाचणारा माणूस पाठीमागे कुत्रे लागल्यासारखा बोलत असतो. मी तिला विचारले, तुला यातले कळते का? ती म्हणाली, "आजोबा, कळतं की. नाहीतर संपणार कधी?" तिचे उत्तर माझेच होते, फक्त मला ते मोठ्याने म्हणण्याइतका प्रामाणिकपणा नव्हता.

त्या श्रावणात मी ओवी वाचून थांबे, बाबा अर्थ सांगू लागत, आणि मी त्या वेळात पुढच्या चार-पाच ओव्या डोळ्यांखालून घालून ठेवी. रिकामा वेळ सरावासाठी वापरतो आहे, असा माझा हिशेब होता. बाबांचा आवाज माझ्या कानांवर पडत होता, पण खाडीकडच्या वाऱ्यासारखा. ते मान हलवायच्या आधीच मी पुढची ओवी उचलू लागलो. त्यांचे शेवटचे वाक्य माझ्या पहिल्या शब्दावर आपटू लागले. दोन-तीनदा असे झाल्यावर एका संध्याकाळी भाकरी खाताना बाबा म्हणाले, "जना, जरा उबा रा रं. वाफ्यान पानी सोरला का लगीच मीठ नाय धरत. त्यावर आनखी पानी सोरला त पयला बी गेला."

"बाबा, माणसांना कंटाळा येतो," मी म्हणालो.

"कोनाला आला?"

बाबांनी बिरड्यात भाकरी बुडवली आणि विषय तिथेच संपवला. घरी आम्ही बाबांना अरे-तुरेच करीत असू. पण त्यांच्यासमोर माझा आवाज चढत नसे, हेही इथे नोंदवतो, कारण बायच्या हकिकतीत तो चढलेला आहे.

आता एकोणिसावा अध्याय. दरवर्षी श्रावण संपेपर्यंत आमचे अठराच अध्याय होत; त्या वर्षी माझ्या घाईमुळे पोथी पहिल्यांदाच त्यांच्या पुढे जाणार होती. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता नेने सरांच्या वर्गाची शेवटची परीक्षा होती. सायकलच्या चाकात दोन दिवसांपूर्वी काटा गेला होता, म्हणून मला साडेचारची एस. टी. गाठायची होती. अध्याय मोठा, माणसे जमायला उशीर झालेला. मी घाई केली ती या कारणाने. हे मी आजवर सर्वांना सांगत आलो आणि ते खरे आहे. परंतु एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. सरावासाठी म्हणून नेने सरांनी मला आदल्या दिवशी त्यांचे थांबघड्याळ दिले होते, आणि ते मी चौरंगावरच्या तांबड्या फडक्याखाली ठेवले होते. एस. टी. गाठण्यासाठी थांबघड्याळ लागत नाही. मला माझा वेग मोजायचा होता. पहिली ओवी म्हणायच्या आधी मी फडक्याखाली बोट घालून ते सुरू केले.

मी ओवी वाचली. बाबांनी अर्थ सांगायला सुरुवात केली. त्यांचे पहिले वाक्य पुरे होते न होते तोच मी दुसरी ओवी वाचली. बाबा थांबले, मग दुसरीचा अर्थ सांगू लागले, आणि मी तिसरी वाचली. सखूआत्या म्हणाली, "अरे जना, माजी पयलीच अजून खाली उतरली नाय." कोणीतरी हसले. मी वर पाहिले नाही. वर पाहिले की नजर ओळीवरून सुटते. चौथ्या ओवीनंतर मला वाटले, बाबा बोलतील. ते बोलले नाहीत. त्या शांततेत फडक्याखालची टिकटिक मला ऐकू आली. मला ऐकू आली म्हणजे चौरंगाच्या पलीकडे हातभर अंतरावर बसलेल्या बाबांनाही आलीच असणार. त्यांनी फडक्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो इथे लिहिला असता. तसा तो नव्हता. बोलता बोलता आपण भलत्याच घरात शिरलो आहोत हे लक्षात आलेला माणूस जसा उंबऱ्यावरून मागे सरकतो, तसे ते किंचित मागे सरकले.

"वाच तू," ते म्हणाले. "तुजा उशीर होतंय."

मी वाचला. सगळा अध्याय, एकही ओवी न गाळता, एकही उच्चार न चुकता, सतरा मिनिटांत. अकरा नव्हे. ओटीवरची माणसे प्रत्येक ओवीनंतर बाबांकडे पाहत आणि बाबा तांब्याकडे पाहत. शेवटी आरती झाली, आईने साखर-खोबरे वाटले. माझ्या तळहातावर तिने ते ठेवले आणि माझी बोटे मिटली. मी साडेचारची एस. टी. पकडली. परीक्षेत पहिला आलो. दहापैकी दहा.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, घसा बसलाय. पोथीचे उरलेले अध्याय नुसतेच वाचले गेले आणि माणसे रोज थोडी थोडी कमी होत गेली. विलासने 'पुढे आवाज गेल्यामुळे गोमाजींनी निरूपण थांबवले' असे लिहिले आहे, त्याचा उगम हा. बाबांचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता. मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर ते हाक देत, ती आम्हाला घरात ऐकू येई.

मला मुंबईत कचेरीत नोकरी लागली. माझ्यापुढे येणारी फाईल तासाभरात पुढच्या टेबलावर जाई. साहेब इतरांना माझे उदाहरण देत. त्या काळात गावाहून बाबांचे एक पत्र आले. ते बाबांनी सांगितलेले आणि बायने लिहिलेले होते. ती माहेरपणाला आलेली होती आणि चौथीपर्यंत शिकलेली होती. मी पत्र उघडले, पानाच्या मधोमध नजर खाली आणली आणि मला सगळे समजले: पाऊस बरा आहे, आवणी झाली, आईचा गुडघा दुखतो, तब्येतीला जप. मी त्याच दिवशी उत्तर लिहिले की, इकडे सर्व ठीक आहे, आईच्या गुडघ्याला तेल लावावे. त्या श्रावणात मी गेलो नाही. पुढच्या श्रावणापूर्वी बाबा वारले.

बाराव्यानंतर मी मुंबईला परतलो आणि बाबांचे अक्षर शोधू लागलो. त्यांचे अक्षर नव्हतेच; बायच्या हातचे ते पत्र तेवढे होते. या वेळी मी ते ओळीने वाचले. मधल्या भागात, गुडघ्याच्या आधी, तीन ओळी होत्या. 'जनाला सांग, श्रावणात चार दिस ये. तो एकोनिसावा तसाच रायलाय. तू वाच, मी सांगतंय. माज्या मनान हाय तो.' बायने बाबांचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. पत्र माझ्या पेटीत दहा महिने होते.

आता बायच्या हकिकतीकडे येतो. तिच्या समजुतीप्रमाणे मी ते वाचले आणि मुद्दाम गेलो नाही. बापाने स्वतःहून बोलावले, लेकाने गुडघ्याला तेल लावा म्हणून कळवले. हा आरोप तिने माझ्यावर लग्नाकार्यांत, तेराव्याला, भाऊबीजेच्या ताटावर, जवळजवळ पन्नास वर्षे केला. मी दरवेळी भांडलो. कामातून सुटी नव्हती म्हणालो, आजारी होतो म्हणालो, तुला काय कळते म्हणालो. मी तिला खरे एकच वाक्य सांगायचे होते, की बाय, मी ते वाचलेच नव्हते. ते मी सांगितले नाही. निष्ठुर म्हणवून घेणे मला चालले. गावातला पहिला मॅट्रिक, वर्गात पहिला आलेला, ज्याच्या वाचनाचे साहेब गोडवे गात, त्याला बापाचे एका पानाचे पत्र वाचता आले नाही, हे म्हणवून घेणे मला चालले नाही.

यंदाच्या श्रावणात मी नेऱ्याला, बायच्या सासरी गेलो. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांना दिसत नाही, कान मात्र शाबूत आहेत. मी पिशवीतून पोथी काढली. गेली काही वर्षे मी प्रत्येक ओवीखाली बाबांचा अर्थ लिहून ठेवायचा प्रयत्न करीत आहे. ओव्या मला सगळ्या पाठ आहेत. बाबांचा अर्थ मला एकाही ओवीचा आठवत नाही, कारण ते सांगत असताना मी पुढचे वाचत होतो. मडक्यातल्या हाताची गोष्ट आणि अशा कितीतरी, मला बायनेच सांगितल्या. अठरा अध्यायांचा बाबांचा अर्थ तिला मुखोद्गत आहे. मी तिला म्हणालो, "बाय, एकोणिसाव्याचा अर्थ बाबांच्या मनात काय होता, तुला कधी बोलला का?"

"तुला सांगाचा व्हता त्याला. मना कशाला सांगल?" ती म्हणाली. "तू आलास नाय."

मग मी सांगितले. घड्याळाचेही आणि पत्राचेही. ती तांदूळ निवडल्यासारखी बोटे मांडीवर फिरवत बसली.

"म्हंजी तू वाचलाच नवता?"

"नाही."

"डोलं फुटलं व्हतं तुजं?"

"नाही."

"मना वाटला, तू वाचून गप बसलास." तिची बोटे थांबली. "ह्या त्याच्याहून वाईट हाय रं, जना."

मी तिच्याशी भांडलो नाही. तिच्या म्हणण्याशी मी सहमत झालो, असा माझ्या आठवणीतला हा पहिलाच प्रसंग. थोड्या वेळाने मी तिला एकोणिसाव्या अध्यायाचा अर्थ वाचून दाखवला. तो मी दोन कोश समोर ठेवून, शब्दशः तपासून लिहिला होता. तिने पहिली दोन पाने ऐकली आणि हात वर केला. "बराबर आसल. पन हा तुजा अर्थ हाय. बाबाचा नाय. त्यो फार, नुसती ओवी लाव."

मी ती पाने फाडली. तिच्या सुनेने समई लावली. मी पहिली ओवी वाचली आणि सवयीने माझी नजर दुसरीवर गेली. "थांब," बाय म्हणाली. "बाबा हितं पानी पेयाचा आधी." आम्ही थांबलो. बोलायला कोणी नव्हते. बाबांना जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ आम्ही दोघे बसून राहिलो. मग तिने मान हलवली आणि मी दुसरी ओवी वाचली. असे करत करत दिवेलागणीपर्यंत आमच्या नऊ ओव्या झाल्या. अध्याय एकशेवीस ओव्यांचा आहे.

"आज इतक्याच," बाय म्हणाली. "जेव आता. उद्या ये."

आजवर आयुष्यात हाती घेतलेले एकही पान मी अर्धे ठेवलेले नव्हते. मी नवव्या ओवीपाशी तुळशीचे पान घातले, पोथी मिटली आणि हात धुवायला उठलो.